टक

शुक्रवारच्या बाजारात, अल रायला,
जुन्या इस्त्र्या आणि एकपायी खुर्च्यांच्या मधे
सतरंजीवर पडला होता तो गेम.
साडेतीन दिनार म्हणाला, अडीचला दिला.
"कार्ड अडकलंय आत, सदीक. बाकी सगळं फर्स्ट क्लास."

ओजसला आठवं लागलंय.
त्याला नवं कार्ड घालून पाठवायचं,
तर जुनं आधी निघायला हवं.

जलीबच्या खोलीत, वरच्या पलंगावर,
आधी नखानं दाबून पाहिलं.
या कार्डांचा न्याय उलटा,
आत ढकललं की बाहेर येतात.
आतली स्प्रिंग टक म्हणते आणि सोडून देते.
इथे टक नाही.
मऊ, मुकं,
भिजल्या पिठात बोट घातल्यासारखं.
वाळू गेलेली. इथली वाळू म्हणजे मैदाच,
एसीच्या डक्टमधून रोज पोतंभर काढतो मी.

शाजीनं सुई दिली, अरुळनं सेलोटेप.
रोमेल म्हणाला, फुंकर मार.
मारली, तर थुंकी गेली आत
आणि रोमेलच माझ्यावर चिडला.

मग पेटीतून फीलर गेज काढला.
इस्लामपूरच्या आयटीआयपासूनचा, माझा स्वतःचा.
त्यातलं सगळ्यात पातळ पान, पाच शतांश मिलिमीटर,
कार्डाच्या कडेनं आत सारत गेलो,
झोपलेल्या माणसाखालची चादर काढावी तसा,
श्वास धरून.

टक.

निघालं नाही ते, उडालं.
करंगळीच्या नखाएवढं, काळं,
आणि खोलीतली फरशीही काळीच.

रात्री साडेअकराला
बारापैकी दहा माणसं रांगायला लागली.
मोबाईलचे दिवे चपलांखाली, तांदळाच्या पोत्यामागे,
इल्ले, मा फी, इधर भी नहीं.
कुणाचं कार्ड, कशाला हवं, कुणी विचारलं नाही.
म्हसळ्याचे दाऊद खतीब, गुडघ्यानं अधू,
पलंगावर बसूनच हुकूम सोडत होते,
"डावीकडं घे, अरे, डावीकडं",
जसं काही आम्ही धक्क्याला होडी लावतोय.

खडकबहादूर तेवढा झोपलेला, त्याची चारची शिफ्ट.
तो मधेच उठला, बाथरूमला जाऊन आला,
पलंगावर बसला, आणि तळपाय वर धरून
बघत राहिला.
टाचेच्या भेगेत होतं.
पुन्हा अडकलेलं.
त्यानंच काढलं, हळूच, बनियनला पुसून दिलं,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

चालतं का बघायला तेच परत घातलं.
पडदा उजळला. पहिल्या नंबरावर अरबी नाव.
खतीबांनी चष्मा लावला,
लहानपणी मदरशात वाचायचे तसं बोट ठेवून,
मीम. शीन. अलिफ. रे. ये.
"मिशारी," म्हणाले.
"पोरगा हाय रे कुणाचा तरी.
आता मिशा फुटल्या असतील मिशारीला."
हसले सगळे. मग हसणं जरा लवकर थांबलं.

चाळीस पायऱ्यांचा गेम, एकोणचाळीसवर थांबलेला.
ऑगस्ट महिना, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
आठ वर्षांपूर्वीचे.
उन्हाळ्याची सुट्टी असणार. पांघरुणात असणार.
कुणीतरी दार उघडलं असणार.

"पुसून टाकू?" रोमेलचा अंगठा बटणावर.
मी गेम त्याच्या हातातून घेतला. जोरातच घेतला बहुतेक.

नवं कार्ड पाकिटातच राहू दे.
ओजसला फोनवर सांगेन,
पहिला नंबर तुझा नाही, तू दुसऱ्यापासून खेळ.
का, म्हणून विचारेल.
तो प्रत्येक गोष्टीला का विचारतो, आईवर गेलाय.

दिवा मालवताना दिसलं,
गेजचं पान टोकाशी वाकलंय.
पाच शतांश आता पाच राहिलेलं नाही.
उद्या ब्लोअरच्या बेअरिंगची फट
अंदाजानं धरावी लागेल.