पंचविसावं मिनिट

दूध बाजारच्या बोळात मुस्तकीमचं दुकान.
लग्नांच्या अल्बमांमागे एक बर्नर पडून होता.
“आता कोण मारतं डिस्क?
नवरदेवसुद्धा पेनड्राइव्ह मागतात.”
तरी काढला त्याने, फुंकर मारली,
धुळीने स्वतःच शिंकला.

सात हव्या होत्या आम्हाला.
कॉलेजला दोन, कॅमेरा उसना देणाऱ्या
पल्लवीच्या मामांना एक, तीन आमच्या,
आणि एक जेल रोडला, गायधनीकाकांच्या घरी.

“लिंक-बिंक नको, हातात द्या,”
शेवटच्या शॉटनंतर ते म्हणाले होते,
मिशीचा डिंक सोडवता सोडवता.
चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये.
“मोजून हातात दिलं तेच दिलं,
बाकी सगळं कागदावरचं.”
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

काका फाल्गुनात गेले.
त्या आठवड्यात आम्ही रंग सुधारत होतो.
त्यांच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा
शॉटमागून शॉट कमी करत होतो,
दिव्याचा समजून.

पहिली डिस्क फुकट गेली.
दुसरी सत्त्याण्णव टक्क्यांवर असताना
अख्ख्या बोळाची लाइट गेली.
तिसरी पूर्ण झाली, पण प्लेअर तिला ओळख देईना.
मुस्तकीमने चहा मागवला, मग आकडे बघितले.
“पंचवीसवर शूट केलंय तुम्ही.
सेकंदाला पंचवीस चित्रं.
ही एवढ्या मोठ्या साइजला अख्खी चित्रं चोवीसच घेते.
पट्ट्या पाडून देऊ, की जरा हळू करू?”

हळू कर, म्हटलं.
पल्लवीने मोबाइलवर हिशेब मांडला:
चोवीस मिनिटांची फिल्म, होईल पंचवीस.
चित्र एकही वाढणार नाही,
एकही कापायचं नाही,
फक्त प्रत्येक जण जागेवर किंचित जास्त थांबेल.
“आवाज थोडा खाली बसेल,” मुस्तकीम म्हणाला,
“वर उचलू का?”
रात्रीचा एक वाजत आला होता.
राहू दे, म्हटलं. कंटाळून म्हटलं, खरं तर.

फिल्ममध्ये काका भांडी बाजारात बसतात.
गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या हंड्यावर
बोटाचं पेर मारतात, कान तिरका करतात
आणि म्हणतात, “वाजतं. बोलत नाही.”
आता हंडाही जड आवाजात वाजला
आणि काकाही.

शकूकाकूंनी पदराला हात पुसले,
गरम ताटली धरावी तशी
डिस्क कडेने धरली.
प्लेअर मस्कतच्या मुलाने पाठवलेला,
त्यात आजवर फक्त नातवाचं बारसं लागलेलं.
मेनू आला: हंडा, त्यावर काकांचा हात,
अकरा सेकंदांनी पुन्हा तोच हात, टक्.
खाली ‘सुरू करा’ लिहिलेलं.
काकू मेनूच बघत बसल्या.
रिमोट माझ्या हातात होता.
आम्ही दोघींनी काहीच दाबलं नाही बराच वेळ.

मग फिल्म.
काकांच्या पहिल्याच वाक्याला त्या पुढे झुकल्या.
“सर्दी होती का हो यांना तेव्हा?”
मी तोंड उघडलं, सेकंदाला किती चित्रं ते सांगायला.
पल्लवीने चिमटा काढला.
“हो काकू, थोडीशी.”
“सांगायचे नाहीत कधी.”

संपल्यावर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
“चोवीस म्हणाला होतात ना?”
पंचवीस झाली, काकू.
त्यांनी मान हलवली,
सुट्टे पैसे जास्त परत आल्यावर
दुकानदाराकडे बघावं तशा बघितल्या आमच्याकडे,
आणि बटाटेपोहे करायला उठल्या.

डिस्क त्यांनी बाहेर काढली नाही.
आम्ही चपला घालत होतो तेव्हा आत
मेनू पुन्हा सुरू झाला होता.
टक्.
जिना उतरताना पल्लवी मोजत होती,
आठ, नऊ, दहा,