घराची माहितीपुस्तिका, आवृत्ती दुसरी

पोटासाठी मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते.
म्हणून मारिकासाठी घराचीही लिहिली:
साखर पेठ, सोलापूर, पहिला मजला. सहा पानं.

गॅसचं डावं बटण उलटं फिरतं.
दार आधी वर उचला, मग ढकला.
पाणी पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला, सव्वा तास.
आधी पिंप, मग हंडे, मग बादल्या, शेवटी पातेली.
खालचा माग चालू असतो तेव्हा झोप लागते,
बंद पडला की जाग येते.
घाबरू नका, लाइट गेलेली असते.
मे महिन्यात चव्वेचाळीस.
तिने विचारलं, हा आकडा लिहिताना चुकलात का?

तिचं घर एस्टोनियात, तार्तू गावात. लाकडी.
ती भाषांतरं करते. आम्ही कुठे बसून काम करतो
याच्याशी तिच्या मालकाला घेणं नाही, माझ्याही.
एकोणचाळीस दिवसांची अदलाबदल.
भाऊ म्हणाला, परक्या बाईच्या हातात किल्ली?
म्हटलं, तिची माझ्या हातात आहे की.
म्हणाला, त्यांची गोष्ट वेगळी.
काय वेगळी, ते त्यालाही सांगता येईना.

कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी रिकामा करायचा होता.
साड्या हलल्या, फायली हलल्या.
खाली अंबादासचे दोन शर्ट, इस्त्रीचे.
सह्या झाल्या त्या दिवशी सगळं नेलं त्याने,
हे कसे राहिले कोण जाणे, आणि मी तीन वर्षं
त्या कप्प्याला हात का लावला नाही, तेही.
बोहारणीला दिले. एक स्टीलचा डबा आला.
डब्यात शेंगाचटणी भरून ओट्यावर ठेवली.
हे पुस्तिकेत लिहिलं नाही.

तिची पुस्तिका दीड पानाची.
जिन्याची तिसरी पायरी बोलते. बोलू द्या.
बाकीचं मला आपसूक कळेल, असं तिला वाटलं असावं.
रात्री अकरालाही उजेड.
भेट म्हणून नेलेली चादर, लाल, मोरांची,
मीच उलगडून खिडकीला टांगली
तेव्हा कुठे डोळ्यापुरता अंधार झाला.
शांतता मात्र अशी, की गावभर लाइट गेलीय
आणि कोणीच तक्रार करत नाही.

पाचव्या रात्री एक वाजता दचकून उठले.
सोलापुरात साडेतीन.
नळ सोडला. आलं. बंद केला.
पुन्हा सोडला. पुन्हा आलं.
एवढं पाणी, आणि भरून ठेवायला कारण नाही.
तितक्यात फोनवर फोटो:
पिंप, हंडे, बादल्या काठोकाठ,
चिंब भिजलेली मारिका,
शेजारी पदर खोचून नरसम्मा,
विड्या वळणारी बोटं पाइपाच्या तोंडावर घट्ट.

परतले. सवयीने दार वर उचललं, ढकललं
आणि तोंडघशी आत गेले.
ओट्यावर माझीच सहा पानं, निळ्या पेनाने तपासलेली.
दाराची ओळ खोडून: सुतार आला होता. दोनशे ऐंशी.
चव्वेचाळीसभोवती गोल: खरं आहे.
पाचव्याच्या पुढे: कधी सहाव्या. नरसम्माला विचारा.
डबा घासून पालथा.

नरसम्मा सांगत होती,
सकाळी दिसली की ती बाई नुसतं ‘तेरे’ म्हणायची.
तेरे क्या? मी दोन दिवस थांबले की वो,
पुढचं काय बोलते म्हणून.
मग कळलं, नमस्कार आहे त्यांचा.
तेवढाच. पुढे काही नाही.

आज पाचवा की सहावा, मोजायचं राहून गेलं.
माग चालू होता, मला गाढ झोप.
दारावर थाप पडली.
उघडायला गेले, हात अजून वर उचलायला जातो.
बाहेर नरसम्मा, कमरेला रिकामी घागर.
‘तेरे,’ म्हणाली. ‘पाणी आलं की वो!’