नऊशे चाळीस ग्रॅम

घरच्या काट्यावर तीनदा तोललंय.
किलोच्या आत बसावं म्हणून
खोका काढून टाकला,
जुन्या मांजरपाटात शिवलं पार्सल,
वर जाड मार्करने पत्ता.
शेंगाचटणीची पुडी शंभराचीच, ती भेट,
तिचे पैसे नाही लावले.

आत दुपटं आहे.
टॉवेलच्या कारखान्यात उरलेल्या कडा
किलोवर आणते मी अक्कलकोट रोडवरून,
तीन थर, आडवा धावदोरा.
गडचिरोलीकडच्या एका शाळेतल्या बाईंनी मागवलंय.
गावाचं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही.
त्यांनी लिहिलं होतं :
रविवारी बारसं. नाव घालू नका,
एक कोपरा मोकळा ठेवा.

पोस्टाच्या फाटकात सतरंजी.
मी आधी तिची वीण बघितली,
सवयच ती.
मग वर बसलेली माणसं :
एरवी जाळीमागची,
आज उन्हात, गळ्यात फलक.
पुढच्या रांगेत कुंभारीचे हत्तुरे, डाकसेवक,
कागदावर चार तासांचे नोकर
आणि सायकलवर आठ तासांचे.
"वंगारीताई, आज नाही. उद्याचंही सांगता येत नाही."

बारावा दिवस.
घरी पलंगाखाली एकोणीस पार्सलं,
पोरगं त्यांच्यावर चढून डबा काढतंय.
चंद्रपूरच्या कुणी मला एकच तारा दिलाय,
खाली एक शब्द : फसवणूक.
कुरियरवाल्या मुलाने पिनकोड टाकून पाहिला,
मान हलवली.
तिकडे आमची गाडी जात नाही म्हणाला.
जाते तिथले दोनशे दहा.
दुपट्याचे मी तीनशे ऐंशी घेते.

खरं सांगते, राग आला.
तोंडात आलं होतं,
पगार चालू असलेल्यांना संप परवडतो.
पण हत्तुऱ्यांच्या चपलेला तारेचा टाका होता
आणि शब्द तिथेच अडला.

नायना गिरणीत होते तेव्हा
मी पाच वर्षांची.
संपात घरी अम्माच्या विड्या तेवढ्या,
हजाराला किती, आणि छाट किती जाते,
एवढंच गणित मला आधी आलं.
फाटकावरच्या गर्दीत नायना उभे,
आम्हाला त्याचं काय कौतुक!
आज पहिल्यांदा वाटलं,
तेव्हाही असेल की एखादी बाई
फाटकाच्या या बाजूला,
लग्नघरचं कापड अडकलेली,
माझ्या बापाकडे बघत
ओठातल्या ओठात काहीतरी म्हणणारी.

हत्तुऱ्यांनी हात पुढे केला.
पार्सल घेतलं, तळव्यावर जरा झुलवलं.
"नऊशे पन्नास?"
"चाळीस."
हसले. परत दिलं.
"पिन बघितला. तिथला माणूसही बसलाय.
सहा किलोमीटर चालतो तो, नदी ओलांडून."
मी विचारलं, ओळखता का त्याला?
नाही म्हणाले.

मग मी फाटकाच्या सावलीत उभी राहून
त्या बाईंना लिहिलं.
दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पाठवलं :
रविवारपर्यंत पोचत नाही.
बाळ दुसऱ्या दुपट्यात घ्या.
नाव ठेवलं की मला कळवा,
कोपरा मोकळाच आहे,
तोवर इथेच असणार ते.
पैसे परत हवे तर तसंही सांगा.

दोन खुणा निळ्या झाल्या.
उत्तर नाही.

रिक्षात बसल्या बसल्या
दाताने शिवण उसवायला घेतली,
चटणीचा वास आला,
शेजारच्या म्हातारीने वळून बघितलं.
किलोला अजून साठ ग्रॅम कमी आहेत.
नाव कितीही लांब ठेवू देत,
दोऱ्याला जागा आहे.