दहा पूर्णांक सहा

राजिवड्याहून याकूब सोलकर आले,
स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्याखाली मुळे घेऊन.
"वास येतो. बाजारात कोणी हात लावत नाही.
तुमचं मशीन काय म्हणतं ते लिहून द्या."

मशीन लगेच काही म्हणत नाही.
आधी मांस वाटायचं, विद्रावकात भिजवायचं, गाळायचं.
मध्येच लाइट गेली की पंपाचा आवाज खाली खाली जातो
आणि मग रात्रभर पुन्हा निर्वात ओढत बसायचं.
जनरेटर आहे. डिझेल मंजूर नाही.

स्टुलावर बसवून मी त्यांना दिवा दाखवला.
अंगठ्याएवढा. आत क्रिप्टॉन,
तोंडाशी मॅग्नेशियम फ्लोराइडची चकती, रुपयाहून लहान.
काच चालत नाही, काच हा उजेड गिळते.
हवासुद्धा गिळते, बोटभर अंतरात संपवते.
जांभळट दिसतं ते उरलंसुरलं,
कामाचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही.

माझी आई वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात सोलायला होती.
बोटांना राख, तरी चिकाने काळी पडलेली.
अख्ख्या गराला एक भाव, पाकळीला निम्मा,
कणी मापात धरतच नसत.
शेजारी बसवून सांगायची:
फोडूचा नाय गो, उघडूचा.

कोपऱ्यातलं जुनं यंत्र फोडणाऱ्यांतलं.
सत्तर व्होल्टचे इलेक्ट्रॉन रेणूवर आदळायचे,
हाती यायची कणी,
आणि कणीवरून आम्ही गर ताडायचो.
बरेचदा बरोबर.

दिवा एकच इलेक्ट्रॉन मागतो.
दहा पूर्णांक सहा, एवढीच त्याची ऐपत.
पाण्याचा भाव बारा पूर्णांक सहा,
नायट्रोजनचा पंधराच्याही वर,
त्या दुकानांची पायरी तो चढत नाही.
म्हणून खाडीतून खाडी वजा होते,
हवेतून हवा.

हे एका दिवसात झालं नाही.
उजेड पडला की धातूतून काहीतरी निसटतं
हे कळून सव्वाशे वर्षं उलटून गेली.
त्या उजेडाला आणि रेणूंच्या काट्याला
एका भांड्यात बसवण्यात सत्तर गेली.
मग लोक म्हणाले, नाजूक आहे, पण क्षीण आहे,
आणि दिवा कारखान्यांतून गळती हुंगत फिरला.
हे शतक उजाडताना कोणीतरी त्याला
निर्वातातून उचलून उघड्या हवेत धरलं.
तोवर जे रेणू तेलकट, ध्रुव नसलेले,
विजेच्या फवाऱ्यापुढे ढिम्म बसलेले,
ते काट्यावर चढले.

त्यातही मध्यस्थ लागतो. टोल्युईन.
दिवा टोल्युईनकडून घेतो,
टोल्युईन पुढच्याकडून वसूल करतो.
"म्हणजे दलाल," याकूबभाई म्हणाले.
हो, पण स्वतःसाठी काही ठेवत नाही.
"मग दलाल नव्हे."

तिसऱ्या दिवशी कागद निघाला.
एकशे अठ्ठ्याहत्तर. दोनशे दोन. दोनशे बावन्न.
सगळे अख्खे, पाकळी नाही.
"ही कुणाची वजनं?"
जळक्या तेलाची.
"कुठल्या बोटीच्या?"

दिव्याला बोटीचं नाव कळत नाही.
मिरकरवाड्याच्या जेटीला लागलेल्या ट्रॉलरांचं असेल,
बाहेर नांगर टाकून बसलेल्या जहाजांचं असेल.
"नाहीतर माझ्या होडीचं," ते म्हणाले,
खिडकीतून भाट्याच्या पुलाकडे बघत,
"इंजिन शिमग्यापासून धूर टाकतंय."
मी काही बोलले नाही.
कागदावर ते खोडायला जागा नव्हती, लिहायलाही.

चौघडी घालून त्यांनी कागद टोपीत ठेवला.
दारातून परत फिरले.
"डबा द्या. घरचा आहे."
मी तीनदा धुतला होता.
झाकण काढून त्यांनी तो नाकाशी धरला
आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.