केसभर

एकतीस वर्षं रुजायनं
बँडला फक्त पाठीकडून पाहिलं.
गायक तीन झाले. पहिला पोक काढून गायचा,
दुसरा दुबईला गेला,
तिसऱ्याचा शर्ट आधी डावीकडे भिजतो.

दिवसा वेंगुर्ला बंदरावर बर्फाचा कारखाना,
रात्री ड्रम.
खाऱ्या वाऱ्यानं नट गंजतात, तो खोबरेल लावतो.
झांज तडकली तेव्हा तडा कानशीनं घासून काढला;
चावा घेतलेल्या भाकरीसारखी
ती अजून वाजते.

आता घोटा सुजतो. किक उशिरा पडते, केसभर.
पोरं काही बोलत नाहीत.
तीही केसभर उशिरा वाजवतात.

हे त्याला आज कळलं,
शिरोड्याच्या फेस्तात, दोन गाण्यांच्या मध्ये.

स्टिक वर धरल्या. एक, दोन,
आणि तीन म्हणायला मुद्दाम थांबला.

चारही पाठी थांबल्या.