हात मोजणारा

साखर पेठेत, मंदिराच्या माडीवर
सतरंजी पुरली नाही
म्हणून रिजेक्ट झालेल्या चादरी अंथरल्या,
मोरांवर बसलो सगळे.
हजर पासष्ट. वही, पेन्सिल माझ्याकडं,
हात मोजायचं कामही.

विषय एकच :
श्रावणातलं पुराण राजव्वानं वाचावं का.
भूमय्या गेल्यापासून पोथी फडक्यातच.
ती तेलुगू लिपी पेठेत आता तिलाच लागते;
आम्ही घरात तेलुगू भांडतो,
हिशोब मराठीत लिहितो.
तिची बोटं दिवसाला हजार बिड्या वळतात,
तंबाखूचा वास नखांत.

‘मत घ्या की,’ इराबत्ती म्हणाला,
‘जास्ती हात तिकडं देव.’
‘देव काय नगरसेवक हाय का बे?’
मल्लेशम मामा उठले, गुडघा धरून,
‘पोथीत काय लिवलंय ते बघा आधी.’

पटलं सगळ्यांना.
पोथी आणली, फडकं सोडलं,
कापराची वडी घरंगळली.
आणि मग
चौसष्ट जण एकमेकांकडं,
पासष्टावा मी, वहीकडं.
बघणार कोण?

निरोप गेला.
राजव्वा आली, साबणानं दोनदा हात धुऊन,
उंबऱ्याबाहेरच बसली.
पान उलटलं. परत मागं आली.
‘बाईनं वाचू नये, असं हाय.’

सरळ आवाजात.
गिळता आलं असतं की तिला ते वाक्य,
आमच्यातल्या कुणाला कळणार होतं?

मामा हसायला लागले, आणि अर्ध्यात राहिले.
तिचं वाचन ग्राह्य धरावं
तर वाचन झालंच की.
नाही धरावं
तर पोथीत काय आहे
हे सांगितलं कुणी?
खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

मी हात मोजले तरी. वाचावं : एक्केचाळीस.
नको : तेवीस. खाडाखोड नाही.

आमच्या मागावर जेकार्डचे पत्ते फिरतात.
एक भोक चुकलं
तर मोराची मान तुटते, प्रत्येक चादरीत,
बाकीची हजार भोकं बरोबर असून.
हे मी मामांच्या बाजूनं सांगणार होतो.
पण ते पत्ते पाडले अप्पांनी,
रात्रपाळी करून, थोरला तापानं फणफणत असताना,
त्यांची झोप त्यात आहे.
सात वर्षं तुटकीच मान विणली आम्ही,
गिऱ्हाईक म्हणायचं, डिझाईन छान आहे.

हे कुणाच्या बाजूचं होतं
मला कळेना, म्हणून बोललो नाही.

राजव्वानं पोथी बांधली.
सुताला मारतो तशी गाठ :
ओढली तर सुटणारी.
जिन्यात म्हणाली, ‘तुझा हात कुठं होता रे?’
‘पेन्सिल होती हातात.’
‘बरं,’ म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.

रात्री बेरीज केली. चौसष्ट.
परत केली.
एक कमी येतो.