मागच्या पानावर, बारीक अक्षरात

हेमाडे म्हणाले, यंत्राबद्दल लिहू नकोस.
सोळा चॅनेल, वाटाण्याएवढी बॅटरी, दोन वर्षांची वॉरंटी
हे सगळं मागच्या पानावर, बारीक अक्षरात.
पुढे लिही, गिऱ्हाइकाला काय हवंय.
आणि नौपाड्यातल्या त्यांच्या दुकानात
तपासणीच्या काचेच्या खोलीबाहेर
तीन दिवस मला एका फिरत्या स्टुलावर बसवलं.

माझ्याकडे एक वाक्य आधीच तयार होतं :
'नातवाचा पहिला शब्द चुकवू नका.'
वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं,
म्हणजे चांगलंच असणार.

पहिल्या दिवशी नातवाचं नाव कुणीच काढलं नाही.

बाहेरून दिसणार नाही ना, असं अकरा जणांनी विचारलं.
(मी वहीत अकरा रेघा मारल्या.)
बारावी, कळव्याची, एकोणीस वर्षांची मुलगी,
तिला लालभडक रंगाचं हवं होतं.
दिसू दे की, म्हणाली,
म्हणजे लोक दुसऱ्यांदा सांगताना चिडणार नाहीत.

चरईचे कर्णिक मुलाबरोबर आले.
बोलला मुलगाच. वडील काचेतून
समोर उलट्या वळणाऱ्या रिक्षाकडे बघत राहिले.
घरात ओरडून ओरडून, मुलगा म्हणाला,
आणि तिथेच थांबला.
त्याला हळू बोलायचं होतं.
'बाबा' हा शब्द त्याला पुन्हा एकदा
भांडल्यासारखा न वाटता उच्चारायचा होता.
कान एकाचे, गरज दुसऱ्याची.
किंमत ऐकून मात्र दोघेही सारखेच गप्प झाले.

चेंदणी कोळीवाड्याच्या जनाबाई वैती
खुर्चीत मांडी घालून बसल्या.
"भाव पाडून मागतान ता मना बरोबर आयकाला येतं.
पाठ फिरवून तोंडातल्या तोंडात काय बोलतान,
ता मना आयकाचाय.
चालीस वरसा हसून सुट्टे देतंय मी त्यांना."

हे कुठल्या पानावर छापायचं?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपाखाडीच्या पाठारे बाई.
नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवलेलं.
यंत्र कानात बसलं. पंखा ऐकू आला,
हेमाड्यांच्या खिशातली नाणी ऐकू आली.
कसं वाटतंय? हेमाड्यांनी विचारलं.
बाई म्हणाल्या, बंद कुठून होतं?

बंद?

हो. घरी यांच्या टीव्हीवर रात्री दहापर्यंत आठ माणसं भांडतात.
त्यातल्या एकालाही मी जेवायला बोलावलेलं नाही.

मग त्यांनी बटण दाबलं, सोडलं, दाबलं,
जिन्यातल्या नव्या दिव्याशी पोर खेळतं तसं,
आणि स्वस्तातलं सोडून
अलगद दाबलं जाणारं महागाचं घेतलं.
रोख पैसे. पावती घडी घालून ब्लाउजमध्ये.

त्या रात्री नातवाला मी रजा दिली. लिहिलं :
'काय ऐकायचं, ते तुम्ही ठरवा.
बटण तुमच्या बोटाखाली आहे.'

हेमाड्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
ऐकू येण्याच्या दुकानात बहिरेपण विकतेस?
मी काही बोलले नाही.
बराच वेळ ते कागद लांब धरून बसले.
मग म्हणाले, 'ठरवा'च्या पुढे पूर्णविराम बरा
की उद्गारचिन्ह?

पूर्णविराम, मी म्हटलं.

जनाबाईंचं वाक्य मी कुठेच वापरलं नाही.
तेवढं एकच खरं तर विकत घेण्यासारखं होतं.

दिवाळीनंतर चेंदणीच्या बाजारात गेले होते.
सहा बांगड्यांचा भाव ऐकून पिशवी उघडली,
मान वळवली,
आणि ओठ न हलवता म्हटलं, लुटते मेली.

कोयता थांबला नाही.
"आयकला," जनाबाई म्हणाल्या,
हसून सुट्टे दिले,
आणि सहातला एक बांगडा
परत पाटीत ठेवला.